स्पिन तीनपाशी घोडं कुठे अडतं? हायर-स्पिन इंटरॅक्शन शिकणाऱ्यांसाठी एक वाट

एमएस्सीला क्वांटम फील्ड थिअरी शिकताना एक प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. स्पिन शून्य झाला, अर्धा झाला, स्पिन १ म्हणजे फोटॉन आणि ग्लुऑन, स्पिन २ म्हणजे ग्रॅव्हिटॉन. मग ३ किंवा त्याहून वरचा, म्हणजे हायर स्पिन, का नाही? वर्गात विचारलं तर बहुतेकदा उत्तर मिळतं, "ते जमत नाही." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. काय जमत नाही, नेमकं कुठल्या ओळीत अडतं आणि कुठली अट सोडली की पुन्हा जमायला लागतं, हे स्वतःच्या हाताने पाहायचं असेल तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

एक सूचना आधीच देतो. सुरुवात व्हासिलिएव्ह यांच्या समीकरणांपासून, म्हणजे सगळ्या स्पिनच्या फील्डना एकत्र बांधणाऱ्या समीकरणांपासून, करू नका. मी केली होती. दोन महिने स्टार-प्रॉडक्टचे (क्रम बदलला की उत्तर बदलतं अशा गुणाकाराचे) कंस उघडण्यात गेले, आणि "यात इंटरॅक्शन कुठे आहे?" असं कुणी विचारलं तर बोट ठेवता येईना. आधी कळस मग पाया असला तो प्रकार होता. या विषयाचा पाया म्हणजे चार-पाच लहान हिशोब. त्यातला प्रत्येक हिशोब एकच गोष्ट सांगतो: गेज सिमेट्री सांभाळायची तर कुठली तरी दुसरी सोय सोडावी लागणार. ती कुठली सोडायची यावर या क्षेत्रातले वेगवेगळे पंथ उभे आहेत.

शिदोरी

फील्ड थिअरीचा एक कोर्स, यांग–मिल्सचं लॅग्रांजियन एकदा स्वतः लिहिलेलं, आणि सपाट अवकाशकाळाभोवती मेट्रिकमध्ये छोटा बदल घेऊन आइन्स्टाइनची समीकरणं रेषीय करता येणं, एवढं पुरे. विग्नर यांचं १९३९ चं वर्गीकरण ऐकून माहीत असावं: कणाची ओळख वस्तुमान आणि स्पिन या दोन गोष्टींनी पटते, आणि चार मितींत वस्तुमान शून्य असेल तर उरतात फक्त दोन अवस्था, अधिक हेलिसिटी आणि उणे हेलिसिटी.

"हायर स्पिनचे कण निसर्गात नाहीत" हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. सुमारे १६९० एमइव्ही वस्तुमानाच्या रो-३ या मेसॉनचा स्पिन ३ आहे, एफ-४ या मेसॉनचा ४. पण हे क्वार्कचे बनलेले, जड आणि क्षणात विरणारे कण. आपला प्रश्न आहे वस्तुमान नसलेल्या मूलभूत फील्डचा. वस्तुमान शून्य आलं की गेज सिमेट्री आलीच, आणि सगळी कटकट तिच्यामुळे आहे.

पायरी पहिली: घटक मोजा

स्पिनच्या आकड्याला स म्हणू. स्पिन स चं फील्ड म्हणजे स इंडेक्सचा सममित टेन्सर. गेज बदल करायचा तर एक इंडेक्स कमी असलेला पॅरामीटर घ्यायचा, त्यावर एक डेरिव्हेटिव्ह लावायचा आणि सगळे इंडेक्स सममित करायचे. फोटॉनला हेच, ग्रॅव्हिटॉनलाही हेच. सिंग आणि हेगन यांनी १९७४ मध्ये वस्तुमान असलेल्या कुठल्याही स्पिनचं लॅग्रांजियन लिहिलं होतं. त्याची शून्य वस्तुमानाची सीमा घेऊन क्रिश्चन फ्रॉन्सडाल यांनी १९७८ साली मुक्त गेज फील्डचं लॅग्रांजियन दिलं. त्यात दोन जादा अटी आल्या: पॅरामीटरचा ट्रेस शून्य हवा आणि फील्डचा दुहेरी ट्रेस शून्य हवा.

पहिल्या वाचनात या अटी आभाळातून पडल्यासारख्या वाटतात. त्या पटवून घ्यायला वहीचं अर्धं पान लागतं. चार मितींत मोजा. गेज पॅरामीटर प्रत्येकी दोनदा वजा होतो, एकदा गेज निवडताना आणि एकदा त्यानंतर उरलेल्या मोकळिकीमुळे.

स्पिन १: घटक ४, पॅरामीटर १. ४ − २ = २.
स्पिन २: घटक १०, पॅरामीटर ४. १० − ८ = २.
स्पिन ३: घटक २०. पॅरामीटर दोन इंडेक्सचा, म्हणजे १०, त्यातून ट्रेस काढला की ९. २० − १८ = २.
स्पिन ४: घटक ३५, दुहेरी ट्रेसची अट एक, राहिले ३४. पॅरामीटर २० − ४ = १६. ३४ − ३२ = २.

आता मुद्दाम चूक करा. स्पिन ३ ला पॅरामीटरचा ट्रेस काढूच नका: २० − २० = ०. कणच गायब! म्हणजे ट्रेसची अट शोभेची नाही, दोन हेलिसिटी वाचवणारी आहे. सर्वसाधारण स साठी फील्डचे घटक भरतात स च्या वर्गाची दुप्पट अधिक २, आणि पॅरामीटरचे स चा वर्ग. वजाबाकी नेहमी २ येते. हे सूत्र स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

याच पायरीवर एक हातखंडा युक्ती शिकून घ्या, नाहीतर स्पिन ४ पासून पुढे इंडेक्सच तुम्हाला खाऊन टाकतील. एक जादाचा व्हेक्टर घ्या, त्याला व म्हणू, आणि टेन्सरचे सगळे इंडेक्स त्याच्याशी जोडून टाका. आता फील्ड म्हणजे व मधली स घाताची बहुपदी. ट्रेस घेणं म्हणजे व च्या संदर्भात लाप्लासियन लावणं. डायव्हर्जन्स म्हणजे एक डेरिव्हेटिव्ह जागेचा आणि एक व चा. गेज बदल म्हणजे व आणि जागेचा डेरिव्हेटिव्ह यांचा डॉट प्रॉडक्ट पॅरामीटरवर लावणं. फ्रॉन्सडाल यांचं अख्खं समीकरण तीन पदांत बसतं, आणि स कितीही असला तरी पदं तीनच राहतात.

सममित करताना पदांच्या संख्येने भागायचं की नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. वेगवेगळे लेखक वेगवेगळं करतात, आणि दोन लेखांतली सूत्रं जुळत नाहीत तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं.

पायरी दुसरी: कॅरमच्या बोर्डावर वाइनबर्ग

इथे थोडं रेंगाळा. संपूर्ण विषयातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठोर हिशोब हाच आहे. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तो १९६४ साली मांडला.

कुठलीही प्रक्रिया घ्या, काही कण येतात, काही जातात. त्यातल्या एखाद्या बाहेरच्या रेषेतून अगदी कमी ऊर्जेचा, वस्तुमान नसलेला, स्पिन स चा कण सुटतो असं धरा. त्याला मऊ कण म्हणू. मूळ अ‍ॅम्प्लिट्यूडला त्यामुळे एक गुणक चिकटतो. त्याच्या अंशात त्या रेषेचा संवेग स वेळा येतो, पोलरायझेशनशी जोडलेला. छेदात येतो रेषेचा संवेग आणि मऊ कणाचा संवेग यांचा डॉट प्रॉडक्ट. आता गेज सिमेट्रीची परीक्षा घ्यायची. पोलरायझेशनच्या एका इंडेक्सच्या जागी मऊ कणाचा संवेग ठेवा. बेरीज शून्य यायला हवी. तसं ठेवताच अंशातला एक गुणक छेदाशी कटतो, आणि मागे राहते ही अट: प्रत्येक रेषेचं कपलिंग गुणिले तिचा संवेग स − १ वेळा, यांची आत येणाऱ्या रेषांवरची बेरीज आणि बाहेर जाणाऱ्या रेषांवरची बेरीज सारखीच हवी.

स = १ घाला. संवेग एकदाही नाही. कपलिंगची बेरीज टिकते, म्हणजे विद्युतभार अक्षय्य.

स = २ घाला. कपलिंग गुणिले संवेग, याची बेरीज टिकायला हवी. संवेगाची नुसती बेरीज तर एरवीही टिकतेच. दोन्ही एकाच वेळी, कुठल्याही कोनातल्या टकरीसाठी खरं ठरायचं तर सगळ्यांचं कपलिंग सारखं हवं. झाली की समतुल्यता तत्त्वाची सिद्धता. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना एकाच मापाने ओढतं हे स्पिन २ मधूनच निघालं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आता स = ३. कॅरमचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. सारख्या वस्तुमानाच्या दोन सोंगट्या, एक तुमच्या बाजूने समोर, दुसरी समोरून तुमच्याकडे, सारख्याच वेगाने येतात, आपटतात आणि काटकोनात डावी-उजवीकडे जातात. अटीत संवेग दोनदा आहे, तेव्हा समोरच्या दिशेचा संवेग स्वतःशीच गुणून बघा. टकरीआधी दोघींचा मिळून तो संवेगाच्या वर्गाच्या दुप्पट, कारण उणे चिन्ह वर्गात पुसलं गेलं. टकरीनंतर समोरच्या दिशेला काहीच हालचाल नाही, म्हणून शून्य. दोन्ही बाजू सारख्या करायच्या तर कपलिंगच शून्य.

कुणी म्हणेल, एका सोंगटीचं कपलिंग अधिक आणि दुसरीचं तेवढंच उणे घेऊ, म्हणजे आधीची बेरीजही शून्य होईल. हुशारी चांगली आहे, पण मग एक ऊर्जा आणि एक समोरचा संवेग असा मिश्र घटक तपासा. तिथे संवेगाचं उणे आणि कपलिंगचं उणे मिळून अधिक होतं, आधीची बेरीज शून्य राहत नाही, नंतरची मात्र शून्यच. एका दारातून हाकललं तर दुसऱ्या दारातून तेच परत.

याच चित्रातून एक पळवाटही दिसते. बोर्ड एका रेषेचाच असेल, म्हणजे एक मिती अवकाशाची आणि एक काळाची, तर डावी-उजवीकडे जायला जागाच नाही. सोंगट्या एकमेकींतून पार होतील किंवा उलट्या फिरतील, आणि वर्गांची बेरीज आपोआप टिकेल. साइन-गॉर्डनसारख्या द्विमितीय मॉडेलांत जास्त स्पिनचे असंख्य अक्षय्य चार्ज सुखाने नांदतात ते यामुळेच.

पायरी तिसरी: नोएदर पद्धत, आधी जुन्या ओळखीच्या घरात

वाइनबर्ग यांचा हिशोब सांगतो की लांब पल्ल्याचं, मऊ कणाचं इंटरॅक्शन जमत नाही. लॅग्रांजियनमध्ये नेमकं काय बिघडतं ते पाहायला नोएदर पद्धत लागते. मुक्त अ‍ॅक्शन आणि त्याचा गेज नियम हातात घ्या. अ‍ॅक्शनमध्ये तीन फील्डचं पद (घन पद) घाला, गेज नियमातही फील्डवर अवलंबून असलेली दुरुस्ती करा. कपलिंगच्या पहिल्या घाताला अट अशी: नव्या पदातला जुन्या नियमाने होणारा बदल आणि जुन्या अ‍ॅक्शनमधला नव्या नियमाने होणारा बदल मिळून शून्य. दुसऱ्या घाताला चार फील्डचं पद येतं आणि तिथे खरी कसोटी लागते.

हे स्पिन ३ वर लगेच करू नका. आधी फोटॉनवर करा. एकच फोटॉन घेतला तर एका डेरिव्हेटिव्हचं घनपद लिहिताच येत नाही, सगळं रद्द होतं. तीन-चार फोटॉन घेऊन त्यांना रंगाचे शिक्के मारले की पहिल्या घाताला कळतं की शिक्क्यांचे सहगुणक पूर्ण विषमसममित हवेत. दुसऱ्या घाताला जी अट निघते ती म्हणजे याकोबी आयडेंटिटी. लाय अल्जेब्रा कुणी आणून दिला नाही, तो सुसंगतीतूनच बाहेर पडला, आणि यांग–मिल्स चार फील्डपाशी संपलं. ग्रॅव्हिटॉनवर हीच पद्धत चालवली तर गाडी थांबत नाही, पदामागून पद येत राहतं. सगळी मिळून आइन्स्टाइनचं अ‍ॅक्शन होतं.

सगळ्यांकडून होणारी एक चूक सांगतो, कारण मी ती दोनदा केली आहे. तीन फील्डचं पद सापडलं म्हणून आनंदाने नाचण्याआधी ते मुक्त समीकरणाच्या पटीत आहे का ते बघा. तसं असेल तर फील्डची नवी व्याख्या केली की ते पुसलं जातं. ते इंटरॅक्शन नव्हतंच, नुसता वेश बदललेला होता.

पायरी चौथी: डेरिव्हेटिव्ह मोजायची यादी

तीन फील्डचे कुठले व्हर्टेक्स शक्य आहेत याची यादी आता पक्की आहे. १९८३ मध्ये दोघे बेंग्टसन आणि लार्स ब्रिंक यांनी लाइट-कोनमध्ये (प्रकाशाच्या दिशेचे निर्देशांक घेऊन फक्त दोन खऱ्या हेलिसिटी ठेवणाऱ्या पद्धतीत) पहिले घन व्हर्टेक्स लिहिले. लगेचच बेरेंड्स, बर्गर्स आणि व्हान डॅम यांनी स्पिन ३ चं स्वतःशीच होणारं, तीन डेरिव्हेटिव्हचं इंटरॅक्शन उघड लोरेंट्झ रूपात दिलं. पूर्ण वर्गीकरण रुस्लान मेत्साएव्ह यांचं. चार मितींसाठी नियम पाठ करण्याजोगा आहे: तिन्ही स्पिनची बेरीज करा. डेरिव्हेटिव्हची संख्या एकतर ती बेरीज, नाहीतर त्यातून सगळ्यात लहान स्पिनची दुप्पट वजा करून उरेल ती.

तपासून बघा. १-१-१: एक किंवा तीन. एक म्हणजे यांग–मिल्स. २-२-२: दोन किंवा सहा. दोन म्हणजे आइन्स्टाइन, सहा म्हणजे कर्व्हेचरचा घन. ३-३-३: तीन किंवा नऊ.

आता ३-३-२ करा, म्हणजे स्पिन ३ वर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम. बेरीज ८, उत्तर चार किंवा आठ. आणि आपलं नेहमीचं गुरुत्वाकर्षण किती डेरिव्हेटिव्हचं? दोन. ते यादीतच नाही! मुक्त लॅग्रांजियनमधल्या साध्या डेरिव्हेटिव्हच्या जागी कोव्हेरिअंट डेरिव्हेटिव्ह टाकला की काम झालं, ही सवय स्पिन ३ पाशी मोडते. अरागोन आणि डेझर यांनी १९७९ मध्ये स्पिन ५/२ साठी हे दाखवलं होतं. कोव्हेरिअंट डेरिव्हेटिव्हची अदलाबदल केली की कर्व्हेचर उगवतं. स्पिन ३/२ पर्यंत फक्त रिची टेन्सर उरतो, त्याला मेट्रिकच्या बदलाने झाकता येतं, आणि सुपरग्रॅव्हिटी उभी राहते. त्याच्या वर वाइल टेन्सर, म्हणजे कर्व्हेचरचा रिचीत न येणारा भाग, उरतो. त्याला झाकायला पांघरूण नाही.

घन पद मिळालं तरी लढाई संपत नाही. एकट्या स्पिन ३ च्या गेज बदलांचा कम्युटेटर घेतला की तो स्पिन ३ मध्ये बंद होत नाही, हे बेरेंड्स आणि मंडळींनीच पाहिलं होतं. का होत नाही ते सहाव्या पायरीवर दोन ओळींत दिसेल.

पायरी पाचवी: मनाई करणारी प्रमेयं बारीक अक्षरांसकट वाचा

विम्याच्या कागदावर जसं अटी लागू लिहिलेलं असतं तसंच इथे. कोलमन–मांडुला, १९६७ (जास्त स्पिनच्या अक्षय्य चार्जना मनाई): सपाट अवकाशकाळ हवा, एस-मॅट्रिक्स हवा, आणि कुठल्याही ठरावीक वस्तुमानाखाली कणांचे प्रकार मोजके हवेत. वाइनबर्ग–विटन, १९८० (एकापेक्षा जास्त स्पिनच्या वस्तुमानहीन कणांना मनाई): गेज-इन्व्हेरिअंट आणि लोरेंट्झ-कोव्हेरिअंट असा ऊर्जा-संवेग टेन्सर गृहीत, जो ग्रॅव्हिटॉनलाही नसतो. वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे प्रमेय, उजवीकडे गृहीतकं. पुढे जे जे सिद्धान्त भेटतील ते उजव्या रकान्यातली कुठली ना कुठली ओळ खोडूनच जिवंत राहिलेले दिसतील. यापेक्षा जास्त वेळ इथे घालवू नका.

पायरी सहावी: सपाटी सोडा

१९८७ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव्ह इन्स्टिट्यूटमध्ये येफिम फ्रादकिन आणि मिखाइल व्हासिलिएव्ह यांनी खोडलेली ओळ होती "सपाट". अँटी-डी सिटर अवकाशात, म्हणजे सगळीकडे सारख्याच उणे वक्रतेच्या अवकाशकाळात, कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट नावाचं एक माप आधीच हाताशी असतं. त्यामुळे जादा डेरिव्हेटिव्हची पदं त्या कॉन्स्टंटने भागून लॅग्रांजियनमध्ये घालता येतात. तिथे कोव्हेरिअंट डेरिव्हेटिव्हची अदलाबदल केली की तोच कॉन्स्टंट अंशात येतो आणि छेदातल्याला खातो. परिणाम असा की चार डेरिव्हेटिव्हच्या पदातून निघालेली गडबड दोन डेरिव्हेटिव्हच्या पदातल्या वाइलच्या गडबडीला नेमकी कापते. स्पिन स साठी अशी पदं २स − २ डेरिव्हेटिव्हपर्यंत जातात. कॉन्स्टंट शून्याकडे नेला तर भागाकार फुटतो, म्हणून सपाट जगात परतायचा रस्ता बंद. चौथ्या पायरीवरच्या यादीतला ३-३-२ चा चार आणि इथला चार एकच, हे ताडून बघा.

आता अल्जेब्रा, वचन दिल्याप्रमाणे दोन ओळींत. हार्मोनिक ऑसिलेटरचे दोन स्थान आणि दोन संवेग घ्या, एकूण चार चिन्हं. त्यांच्या दोन घाताच्या सममित बहुपदी किती? ४ × ५ ÷ २ = १०. चार मितींच्या अँटी-डी सिटर अवकाशाच्या सिमेट्रीही बरोबर १०, आणि कम्युटेटरही तेच. हे स्पिन २ चं खातं. चार घाताच्या बहुपदी ३५, ते स्पिन ३ चं खातं. सहा घात म्हणजे स्पिन ४. असंच पुढे.

दोन बहुपदींचा कम्युटेटर घेताना एक जोडी कटते, किंवा तीन, किंवा पाच. प्रत्येक कटलेल्या जोडीमागे घात दोनने उतरतो. म्हणून चार घात आणि चार घात यांच्या कम्युटेटरमध्ये येतात सहा आणि दोन. भाषांतर करा: स्पिन ३ आणि स्पिन ३ मिळून स्पिन ४ आणि स्पिन २. चार आला की पाच येतो, पाच आला की सहा. थांबायला जागा नाही. बेरेंड्स आणि मंडळींचा कम्युटेटर बंद होत नव्हता कारण घरात एकालाच घेतलं होतं आणि दार लावलं होतं. हा पाहुणा अख्खं गणगोत घेऊनच येतो. फक्त सम स्पिन घेऊन कुटुंब थोडं आटोपशीर करता येतं. स्पिन ४ गुणिले स्पिन ४ करून बघा: घात दहा, सहा, दोन, म्हणजे स्पिन ६, ४, २. सगळे सम.

व्हासिलिएव्ह यांची १९९० ची समीकरणं याच अल्जेब्रावर बांधलेली आहेत, आणि २००३ मध्ये त्यांनी ती कुठल्याही मितीसाठी दिली. हा हिशोब एकदा हाताने केला असेल तर स्टार-प्रॉडक्ट परका वाटत नाही. ऑसिलेटरचेच ते कपडे आहेत.

पायरी सातवी: तीन मितींत सराव

चार मिती जड वाटत असतील तर इथे उतरा, खरं तर उतराच. तीन मितींत स्पिन २ आणि वरच्या गेज फील्डना स्थानिक हालचालच नसते, आणि कुटुंब मर्यादित ठेवता येतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे चर्न–सायमन्स थिअरीच्या (मेट्रिकशिवाय लिहिता येणाऱ्या त्रिमितीय गेज थिअरीच्या) दोन प्रती, हे माहीत असेल तर त्या प्रतींचा ग्रुप २ × २ मॅट्रिक्सऐवजी ३ × ३ चा करा. ग्रुपचे जनरेटर ८. त्यातले ३ स्पिन २ चे, उरलेले ५ स्पिन ३ चे. ४ × ४ घेतले तर १५ = ३ + ५ + ७. स्पिन ३ आणि गुरुत्वाकर्षण यांचं पूर्ण, सगळ्या घातांचं इंटरॅक्शन हातात, आणि तेही मॅट्रिक्सच्या गुणाकारात.

ब्राउन आणि आन्नो यांनी १९८६ मध्ये साध्या गुरुत्वाकर्षणाच्या काठावर, म्हणजे अँटी-डी सिटर अवकाशाच्या अनंत दूरच्या सीमेवर, विरासोरो अल्जेब्रा (द्विमितीय कॉन्फॉर्मल, म्हणजे माप बदललं तरी टिकणाऱ्या सिमेट्रीचा) काढला होता. तोच हिशोब ३ × ३ वर केला की काठावर झामोलोद्चिकॉव्ह यांचा डब्ल्यू-३ अल्जेब्रा, म्हणजे विरासोरोचाच स्पिन ३ जोडलेला विस्तार, येतो. २०१० मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. त्याच वर्षी झुरिकचे मथायस गाबरडील आणि त्या वेळी अलाहाबादच्या हरीशचंद्र संशोधन संस्थेत असलेले, नंतर बेंगळुरूच्या आयसीटीएसचे संचालक झालेले राजेश गोपकुमार यांनी अशा थिअरीची जोडी काठावरच्या मिनिमल मॉडेलांशी (मोजक्या मूळ फील्डच्या द्विमितीय कॉन्फॉर्मल थिअरींशी) लावली.

सराव म्हणून ब्लॅक होल घ्या. स्पिन ३ चा गेज बदल मेट्रिकलाही हलवतो. म्हणजे मेट्रिक बघून हे क्षितिज आहे असं म्हणता येत नाही, गेज बदलला की क्षितिज पुसलं जाऊ शकतं. मग ब्लॅक होल ओळखायचं कसं? काळाच्या वर्तुळाभोवतीची होलोनॉमी (एक फेरी मारल्यावर गेज फील्डमुळे जमा होणारा गुणक) मोजून, जी गेजने बदलत नाही. भूमितीवरचा आपला भरवसा किती सवयीचा असतो ते या एका उदाहरणात लख्ख दिसतं.

पायरी आठवी: काठावरून बघा

तीन मितींत, म्हणजे चार मितींच्या अँटी-डी सिटर अवकाशाच्या काठावर, मुक्त स्केलर फील्ड घ्या. त्यांच्या संख्येला न म्हणू. त्यांना ओ-न सिमेट्री (फील्ड एकमेकांत फिरवण्याची) द्या. दोन फील्ड आणि मध्ये स डेरिव्हेटिव्ह अशी रचना करून प्रत्येक सम स्पिनचा एक अक्षय्य करंट मिळतो. काठावरची थिअरी आणि आतली गुरुत्वाकर्षणाची थिअरी एकाच गोष्टीची दोन रूपं मानली (यालाच होलोग्राफी म्हणतात), तर काठावरचा अक्षय्य करंट म्हणजे आतलं गेज फील्ड. यादी ताडून बघा: सहाव्या पायरीवरचं सम स्पिनचं कुटुंब आणि जोडीला एक स्केलर. क्लेबानोव्ह आणि पोल्याकोव्ह यांनी २००२ मध्ये हीच जोडी मांडली. त्यामागे फ्लाटो आणि फ्रॉन्सडाल यांचं १९७८ चं निरीक्षण होतं, की डिरॅक यांच्या दोन सिंगल्टनचा (काठावरच राहणाऱ्या फील्डचा) गुणाकार म्हणजे सगळ्या स्पिनचे वस्तुमानहीन कण.

काठावरही वाइनबर्ग पाठ सोडत नाही. माल्दासेना आणि झिबोएदोव्ह यांनी २०११ मध्ये सिद्ध केलं की तीन मितींच्या कॉन्फॉर्मल थिअरीत दोनापेक्षा जास्त स्पिनचा एक जरी पक्का अक्षय्य करंट असेल, आणि ऊर्जा-संवेग टेन्सर एकच असेल, तर करंटची सगळी कोरिलेशन मुक्त थिअरीची निघतात.

मजा मग थोडी सिमेट्री मोडण्यात आहे, आणि इथे मुंबईचा थेट संबंध येतो. २०११ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शिराज मिनवाला, संदीप त्रिवेदी आणि स्पेंता वाडिया यांनी सिमोने ज्योम्बी, शिरोमण प्रकाश आणि शी यिन यांच्यासोबत चर्न–सायमन्सला जोडलेल्या फर्मिऑनचा अभ्यास मांडला. न मोठा घेतला की करंट जवळजवळ अक्षय्य राहतात, मोडतोड न च्या व्यस्त प्रमाणात, आणि चर्न–सायमन्सची पातळी हे फिरवायला एक बटण मिळतं. फर्मिऑनपासून निघून बोसॉनपर्यंत पोहोचणारी द्वैतता या कामांच्या मालिकेतून पुढे आली. मराठी मुलांना सांगायला हरकत नाही की या विषयातली एक मोठी वाट आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनापासून बसने गाठता येणाऱ्या इमारतीतून निघाली.

पायरी नववी: भांडण कुठे आहे ते ओळखा

चार फील्डच्या पदापाशी आजही वाद आहे. काठावरच्या मुक्त थिअरीवरून आतला चार फील्डचा व्हर्टेक्स उलटा काढला, तर त्यात डेरिव्हेटिव्ह अनंत येतात. पण अनंत डेरिव्हेटिव्ह येणं आणि थिअरी खरोखर नॉन-लोकल (दूरच्या बिंदूंना थेट जोडणारी) असणं यात फरक आहे. स्लाइट आणि तारोन्ना यांनी २०१७ मध्ये दाखवलं की इथे नॉन-लोकॅलिटी चांगलीच जहाल आहे, कणाच्या देवाणघेवाणीच्या पदाइतकी. म्हणजे नोएदर पद्धतीला लगामच राहत नाही. व्हासिलिएव्ह पंथाचं म्हणणं असं की फील्डची योग्य निवड केली तर बरीच नॉन-लोकॅलिटी आवरते. नवख्याने बाजू घ्यायची घाई करू नये, पण दोघे लोकल हा शब्द कुठल्या अर्थाने वापरतात ते मात्र पहिल्याच वाचनात लिहून ठेवावं.

सपाट अवकाशकाळातच राहायचं असेल तर एक जिवंत नमुना आहे, कायरल थिअरी. लाइट-कोनमध्ये डेरिव्हेटिव्हची संख्या म्हणजे तिन्ही हेलिसिटींची बेरीज, त्यामुळे अधिक ३, उणे ३ आणि अधिक २ अशी जुळणी करून दोन डेरिव्हेटिव्हचा व्हर्टेक्सही मिळतो, जो चौथ्या पायरीवरच्या यादीत नव्हता. मेत्साएव्ह यांनी १९९१ मध्ये चार फील्डच्या सुसंगतीतून या व्हर्टेक्सचे सहगुणक काढले: छेदात बेरजेचं गॅमा फंक्शन. पोनोमारेव्ह आणि स्क्वोर्त्सोव्ह यांनी २०१६ मध्ये दाखवलं की बेरीज धन असलेले व्हर्टेक्स तेवढे ठेवले तर थिअरी घन पदापाशीच पूर्ण होते. लोकल आहे, सपाट आहे, इंटरॅक्शन आहे. खोडलेली ओळ: अ‍ॅक्शन वास्तव नाही, म्हणून युनिटॅरिटी नाही. हेलिसिटींची बेरीज शून्य किंवा उणे पूर्णांक असेल तेव्हा गॅमा फंक्शन अनंत होतं आणि सहगुणक आपोआप शून्य. हे गॅमा फंक्शन कागदावर स्वतः उगवताना बघणं ही या विषयातली चांगली दोन आठवड्यांची मेहनत आहे.

कामाच्या सवयी

हिशोब आधी हाताने, स्पिन ३ पर्यंत. त्यापुढे कॅडाब्रा वापरा, मोफत आहे आणि टेन्सरच्या इंडेक्ससाठीच बनवलेलं आहे. मॅथेमॅटिका हाताशी असेल तर एक्स-अ‍ॅक्ट. संगणकाला पहिला प्रश्न नेहमी उत्तर माहीत असलेला विचारा, म्हणजे स्पिन २ चा. तिथे आइन्स्टाइन मिळाले नाहीत तर स्पिन ३ चं उत्तर वाचूच नका.

नवा शोधनिबंध हाती आला की आधी पाचव्या पायरीवरचा दोन रकान्यांचा कागद काढा आणि लेखकाने कुठली ओळ खोडली ते शोधा: सपाटी, मोजके कण, लोकॅलिटी की युनिटॅरिटी. सारांशात सापडली नाही तर थेट चार फील्डच्या भागाकडे जा. तो भागच नसेल, तर निबंध घन पदापाशी थांबला आहे असं समासात पेन्सिलीने लिहा आणि मग पहिल्या पानापासून वाचायला घ्या.